खरं कुणी म्हणायचं

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलात तरी ऐकू येईल, पण अक्काचा चेहरा दिसायचा नाही, आणि आजची निम्मी कथा त्या चेहऱ्यावरच घडायची आहे. पडणं हाच ज्याचा धंदा, असा एक माणूस एका दुपारी खरोखर पडला आणि त्याच्या सख्ख्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्याची ही गोष्ट. थांबा, एवढ्यात हळहळू नका. देव दयाळू आहे, आणि अजून तंबूत खेळ चालू आहे.

दुपारचा खेळ, तंबू खच्चून भरलेला. पुढच्या बाकांवर पोरंच पोरं. रिंगणाच्या मधोमध अक्का उभी होती, लाल कोट, गळ्यात शिट्टी, पाठ ताठ. आजोबांनी उभी केलेली ही सर्कस वडिलांनंतर तिच्याकडे आली, आणि दोन धाकटे भाऊही तिच्याच पदरात आले. शेंडेफळ उंच झोक्यावर काम करी. त्याला सगळे धाकट्या म्हणत. मधला विदूषक. लहानपणी चालायला लागण्याआधी कोलांट्या मारायला शिकला म्हणून त्याचं नाव पडलं गडगड्या, आणि पन्नाशी आली तरी ते काही सुटलं नाही.

गडगड्याचा खेळ सगळ्या मुलखाला पाठ होता. बादली घेऊन शिडीवर चढायचं, वर पोचल्यावर आपण कशाला चढलो तेच विसरायचं, मग धाडकन खाली यायचं, आणि उठायचं सोडून तिथेच ताणून द्यायची. वाद्यवृंदात ढोलाशी त्याची बायको बसे. तिला तंबूत लहानथोर सगळे वहिनीच म्हणत. तो पडला की ती ढोलावर तीन ठोके देई, आणि तिसऱ्या ठोक्यावर गडगड्या घोरायला लागे. ठोका, घोरणं, ठोका, घोरणं. पोरं हसून हसून बाकाखाली जात.

त्या दुपारी शिडीचा पाय ओल्या भुशावर सरकला. गडगड्या रोज डावीकडे पडे, तो उजवीकडे गेला. कडेच्या लोखंडी पट्टीवर डोकं आपटल्याचा आवाज अक्काला ऐकू आला, पण तेवढ्यात तो टुणकन उठलाही.

"अक्के," तो टोपी झटकत म्हणाला, "ही पट्टी पुन्हा भेटली तर तिला माझा नमस्कार सांग."

तंबू खदाखदा हसला. अक्कानं डोळ्यानंच विचारलं, लागलं का रे? त्यानं डोळा मारला. मग बादली डोक्यावर घातली, पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंना लग्नाची मागणी घातली, त्यांनी नकार दिल्यावर ढसाढसा रडून दाखवलं. सगळं ठीक चाललं होतं. थोड्या वेळानं तो बादलीवर बसला, कपाळ चोळलं, आणि तसाच आडवा झाला. घोरू लागला.

"वा!" अक्का मनात म्हणाली, "आज दोनदा झोपतोय. नवीन बसवलंय वाटतं."

तिनं टाळ्या वाजवल्या. धाकट्यानं वरून, झोक्याच्या फळीवरून वाजवल्या. लोकांनी तर तंबू डोक्यावर घेतला.

पण ढोल वाजलाच नाही.

वहिनी उभी राहिली होती. हातातल्या काठ्या खाली, तोंड पांढरंफटक. "खरं!" ती ओरडली. "अक्का, खरं!"

आता हा शब्द काय होता, ते सांगायला हवं. जिथे दिवसातून दोनदा लोक खोटे पडतात, खोटे रडतात, खोटे मरतात, तिथे खरं दुखलं तर कळायचं कसं? म्हणून आजोबांनी नियम घातला होता. ज्याला लागलंय त्यानं 'खरं' म्हणायचं. मग सगळं जागच्या जागी थांबेल. पण ज्याचं त्यानंच म्हणायचं, दुसऱ्यानं त्याच्यासाठी म्हणायचं नाही. एकदा कुणीतरी उगाच घाबरून दुसऱ्यासाठी ओरडलं होतं, झोक्यावरच्या झेलणाऱ्यानं दचकून मान वळवली होती, आणि हवेत सुटलेली बाई खाली आली होती. ती बाई म्हणजे अक्काची आई. चार जणांनी तिला हातापायांना धरून पोत्यासारखं उचलून नेलं. पुढची सगळी वर्षं तिनं खाटेवर काढली. कमरेखाली तिचं शरीर तिचं राहिलंच नाही. तेव्हा अक्काला हा नियम कुणी शिकवायला नको होता.

म्हणून ती लाल कोट सावरत ढोलाकडे धावली आणि दातओठ खात कुजबुजली, "अगं वेडी आहेस का तू? तो म्हणाला का? त्यानं म्हटल्याशिवाय..."

"तो कसा म्हणेल, अक्का?" वहिनीचा आवाज फुटला. "मी ठोके दिलेच नाहीत! ठोक्याशिवाय हा माणूस तीस वर्षांत घोरलेला नाही. हाका मारल्या, ओ देत नाही. तुम्ही बघा, नुसतं जवळ जाऊन बघा!"

अक्का गेली. गुडघ्यावर बसली. तोंडावरच्या पांढऱ्या रंगाखालून गडगड्याचा श्वास घर्रघर्र करत ओढला जात होता, त्यात गंमत नव्हती. तिनं त्याला चिमटा काढला. हात जरासा हलला, बस. तिनं त्याच्या पापण्या वर केल्या. डाव्या डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी, उजवीकडची काळीभोर, मोठी.

अक्काची शिट्टी वाजली. तीनदा, लांब. आजवर प्रेक्षकांनी न ऐकलेली.

धाकटा दोरीवरून सरसरत खाली आला. "चल, उचलू. तू पाय धर, मी काखेत हात..."

"हात लावशील तर बघ!" अक्का अशी गरजली की मागच्या बाकावरची मुलं गप्प झाली. "आईला उचललं तसं उचलायचंय का तुला?"

ती भुशातच पोटावर पालथी पडली, गडगड्याच्या डोक्यामागे, आणि दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरलं, सरळ, नाक वर. तळहातांनी कान झाकले, बोटांनी जबडा पुढे घेतला तशी घरघर थोडी कमी झाली. तिथून पुढे रुग्णवाहिका आली, माणसं आली, त्यांनी मानेला पट्टा बांधला, तरी अक्काचे हात सुटेनात.

"आजी, आता आम्ही धरलंय," रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला.

"आजी कुणाला म्हणतोस?" अक्का म्हणाली. "तू आधी नीट धर. मग मी सोडते."

त्यानं धरलं. मग तिनं सोडलं.

रुग्णालयाच्या दारातून गाडी आत गेली तेव्हा तिघंही खेळाच्या कपड्यांतच होती. अक्काचा लाल कोट, धाकट्याचा चमचमता अंगरखा, वहिनीच्या खांद्यावर सोनेरी झालर. लोक वळून बघत होते. तिघांना त्याचं काही नव्हतं.

आतल्या खोलीत गडगड्याला तपासणीसाठी कुशीवर वळवायचं होतं. एक परिचारिका डोक्याशी उभी राहिली, तिघं कडेनं. "माझ्या आकड्यावर," ती म्हणाली, "एक, दोन, तीन." आणि तो ओंडक्यासारखा एकसंध वळला, मान, पाठ, कंबर, सगळं एका रेषेत. काचेतून बघणाऱ्या अक्काचा ऊर भरून आला. "बघितलंस?" तिनं धाकट्याला ढोसलं. "एकच आवाज, आणि चौघांचे हात एक. आपल्या पोरांना वर्ष लागतं हे शिकायला."

"अक्का, तू आता यांना नोकरीवर ठेवू नकोस," धाकटा म्हणाला, आणि मग त्यालाच रडू आलं.

मेंदू आणि कण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या त्या जवळजवळ धावतच. ठेंगण्या, केस जाळीत बांधलेले, बोलणं भराभर. स्कॅन चालू होतं.

"कसे पडले? किती उंचावरून? पडल्यावर लगेच बेशुद्ध झाले, की मधे बोलत होते? नीट आठवून सांगा, मला याचा उपयोग आहे."

धाकट्यानं अक्काचा दंड धरून तिला दोन पावलं बाजूला घेतलं.

"सांग, पडला तो पडलाच," तो पुटपुटला. "लगेच आणला म्हण. तो तिथे पडला असताना आपण टाळ्या पिटत होतो, हे सांगणार आहेस? उद्या सगळ्या गावात... सर्कशीला टाळं लागेल, अक्का. आजोबांचं नाव जाईल."

"भावजी, तो तिकडे मरतोय आणि तुम्ही नावाचं बोलताय?" वहिनीनं ते ऐकलं होतं.

"वहिनी, तुम्ही मधे पडू नका. नियम मोडलात तो मोडलात."

"मोडला! आणि पुन्हा मोडीन!"

"गप्प बसा दोघं," अक्का म्हणाली.

तिच्या मनात काय चाललं असेल, तुम्हीच विचार करा. धाकटा म्हणत होता ती तिचीच बाजू होती. जन्मभर तिनं तीच धरली होती. भावजयीला तर आत्ता तासाभरापूर्वी तिनं वेडी म्हटलं होतं. अक्का डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभी राहिली, लाल कोटाची वरची गुंडी लावली, आणि सांगितलं. शिडीच्या टोकावरून पडला. पट्टीवर उजवं कानशील आपटलं. उठला. बोलला, थट्टा केली, रडून दाखवलं, सगळं व्यवस्थित. मग कपाळ चोळत आडवा झाला आणि घोरायला लागला.

"आणि आम्हाला वाटलं खेळ आहे. आम्ही हसलो, बाई. मी टाळ्या वाजवल्या. हिनं ओरडून सांगितलं तेव्हा मी हिच्यावरच धावून गेले. त्यात वेळ गेला. किती गेला, ते मला सांगता येत नाही."

तिनं मान खाली घातली. आता बाई काय बोलतील ते निमूट ऐकायचं, एवढंच उरलं होतं.

"मधे बोलत होते? अगदी नेहमीसारखं?" डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले. "नक्की?"

"आजीबाईंना मागणी घातली त्यानं."

"अहो, मग हे चांगलं आहे!" बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात पडद्यावर चित्र आलं तशा तिघांनाही पडद्याशी ओढून घेऊन गेल्या. "हे बघा. कवटीचं हाड इथे तडकलंय, आणि खालची रक्तवाहिनी फाटलीय. हाड आणि मेंदूवरचं आवरण, यांच्यामधे हे रक्त साचतंय. म्हणजे मेंदूच्या बाहेर! ते त्याला एका बाजूनं दाबतंय, म्हणून डोळ्याची बाहुली मोठी झाली. पण ज्याअर्थी मधे ते शुद्धीवर होते, त्याअर्थी मेंदूला स्वतःला पहिला मार फार बसलेला नाही. आत्ता दाब काढला, तर... मी वचन देत नाही. पण आत्ताच्या आत्ता काढायला हवा."

"आणि मान?" अक्कानं विचारलं. "पाय?"

"मानेच्या एका मणक्याला चीर आहे. मणका जागचा हललेला नाही. आतली मज्जारज्जू मला ठीक दिसते, पण ते जागे होऊन पाय हलवतील तेव्हाच खात्रीनं सांगेन. आधी डोकं. सही कोण करणार?"

"ती," अक्का म्हणाली आणि वहिनीला पुढे केलं. "त्याच्या वतीनं तिनं बोलायचं. मी नाही."

धाकट्यानं अक्काकडे बघितलं. मग चमचमत्या अंगरख्याच्या आतल्या खिशातून पेन काढून वहिनीच्या हातात दिलं. "लवकर करा, वहिनी," तो म्हणाला. "माझं मगाचं बोलणं मनावर घेऊ नका."

"मग कशावर घेऊ, ढोलावर?" वहिनी म्हणाली. आणि तिनं सही केली.

दार बंद झालं. बाहेर लाकडी बाक होता. तिघं बसली, उठली, बसली. धाकटा भिंतीला धरून हातांवर उभा राहिला, कारण त्याला विचार करायचा असला की तो तसाच उभा राहतो. एका परिचारिकेनं त्याला खाली उतरवलं. अक्का देवाला हाका मारत होती, पण त्याही आपल्या नेहमीच्या रिंगणातल्या सुरात, "आता उठव रे त्याला, ऐकतोयस ना!" अशा. वहिनीनं तिचा हात धरला.

"अहो अक्का, देवालाही हुकूम?"

"विनंती करते आहे गं. माझा आवाजच तसा आहे." मग अक्का म्हणाली, "तुला कळलं कसं? घोरणं तर तसंच होतं."

"तसंच नव्हतं. खोटं घोरताना तो माझी वाट बघतो. श्वास धरून ठेवतो, ठोका पडेपर्यंत. आज कुणाचीच वाट बघत नव्हता." वहिनीनं डोळे पुसले. "त्याचीच मला भीती वाटली."

अक्कानं तिला जवळ ओढलं, सोनेरी झालरीसकट. त्या दोघी अशा बसलेल्या आजवर कुणी पाहिल्या नव्हत्या. धाकट्यानं पाहिलं आणि तोंड फिरवून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर जाळीचा वळ उमटला होता. त्या काही बोलायच्या आधीच अक्का उठली, कारण बाई चालत होत्या त्या चालीतच सगळं होतं. यशस्वी झोक्यानंतर माणूस तसाच चालतो, दमलेला आणि हलका.

"निघालं! सगळं निघालं!" बाई म्हणाल्या. "हाडाची खिडकी केली, गुठळी बाहेर काढली, रक्तवाहिनी बंद केली. आणि मेंदू काय सुंदर वर आला! दाबलेली उशी फुगून येते ना, तसा. बाहुल्या दोन्ही सारख्या झाल्यात. हाड परत बसवलंय. अजून धोका आहे, उद्यापर्यंत झोपवून ठेवणार आहोत. पण तुम्ही थोडं हसलात तरी चालेल."

धाकट्यानं आरोळी ठोकली आणि व्हरांड्यात उभ्याउभ्या मागे कोलांटी घेतली. त्याच परिचारिकेनं या वेळी फक्त कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जागं केलं. नळी काढली. अतिदक्षता विभागात एका वेळी दोघांनाच आत सोडत, म्हणून वहिनी आणि अक्का गेल्या, आणि धाकटा दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला. गडगड्याचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत, मान कडक पट्ट्यात. कानामागे अजून खेळातला रंग चिकटलेला.

"डोळे उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उघडले. "माझा हात दाबा." दाबला. "आता दुसऱ्या हातानं." जरा सावकाश, पण दाबला.

"आता पायाची बोटं हलवा."

अक्कानं चादरीकडे बघितलं आणि तिला तिथे दुसरेच पाय दिसले, आईचे, पांढऱ्या चादरीखाली वर्षानुवर्षं तसेच पडलेले. तिनं डोळे मिटले. देवाला हाक मारायलाही तिच्याजवळ आवाज राहिला नाही.

"अक्का!" वहिनीनं तिला गदागदा हलवलं. "अहो बघा! बघा ना!"

चादर हलत होती. आधी डावा अंगठा, मग उजवा, मग दहाही बोटं, अशी काही वळवळायला लागली की डॉक्टरीणबाईंनाच "पुरे, पुरे" म्हणावं लागलं. काचेपलीकडे धाकटा उड्या मारत होता. त्याचं नुसतं डोकं वर येत होतं आणि खाली जात होतं.

गडगड्याचे ओठ हलले. आवाज खरखरीत, जेमतेम ऐकू येणारा. अक्का वाकली.

"अक्के... ही कॉलर कुणी शिवली गं? माझ्या मापाची नाही."

अक्का हसली, रडली, आणि त्या गडबडीत तिनं वहिनीच्या कपाळाचा मुका घेतला. "तुझ्या बायकोला सांग मापाचं," ती म्हणाली. "यापुढे तुझं काही दुखलंखुपलं तर तुझ्याआधी तिला विचारणार आहे मी. तंबूतल्या प्रत्येकाला सांगणार आहे, दिसलं तर ओरडा, ज्याला दिसेल त्यानं."

"आणि उगाच ओरडलं तर?" दारातून आत डोकावत धाकट्यानं विचारलं.

"झोका हातात असेल त्यानं मान वळवायची नाही. ते शिकवायचं काम तुझं. उद्यापासून."

"बाहेर!" परिचारिका म्हणाली. धाकटा गेला.

आता श्रोतेहो, कथा इथेच संपली असती. गडगड्या हळूहळू बसता झाला, मग पट्टा घालून चार पावलं चालला, शब्द शोधताना अडखळे तो हळूहळू अडखळेनासा झाला. शिडीवर पुन्हा चढायचं की नाही यावरून घरात जी भांडणं व्हायची, ती पुढे व्हायचीच आहेत. पण त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय मला उठवत नाही.

गडगड्याच्या शेजारी, खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई होती. रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीनं उडवलं, कुणीतरी आणून सोडलं. डोक्याचं ऑपरेशन झालेलं. तिचं कुणी आलं नव्हतं. परिचारिका ठरावीक वेळानं येई, विचारी, "बाई, नाव काय तुमचं?" ती डोळे उघडी, नुसती बघे, आणि मिटी.

"नाव सांगत नाही ती?" अक्कानं विचारलं.

"शब्द यायला वेळ लागेल. ओळखीचा आवाज असता कुणाचा, तर बरं झालं असतं."

अक्कानं आपलं स्टूल उचललं आणि दोन खाटांच्या मधे ठेवलं. एक तोंड भावाकडे, एक तिच्याकडे. आणि रिंगणात साऱ्या तंबूला ऐकू जाणारा तो आवाज जमेल तितका खाली उतरवून ती बोलू लागली. आज ऊन छान पडलंय बरं का. तुझी पाठ अवघडली असेल, सिस्टरना सांगते. पाणी हवंय का? हवं असेल तर माझं बोट दाब. बाईनं तिचं बोट दाबलं. अक्का ओरडली, "सिस्टर, हिला पाणी हवंय! मी सांगते ना, हवंय!" आणि त्या दिवसापासून ती बाई अक्काचं बोट दाबून बोलू लागली, आणि अक्का तिच्या वतीनं.

गडगड्याला घरी सोडलं त्या सकाळी ती बाई दुसऱ्या कक्षात गेली होती. अक्का जिने चढून उतरून शोधत फिरली. तंबूची गाडी खाली खोळंबली होती, शेवटी निघावं लागलं. बाईचं नाव तिला कधीच कळलं नाही, आणि म्हणून मलाही ते सांगता येत नाही. तर एवढं करा. आज निजण्याआधी हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवरच्या त्या बाईचीही आठवण काढा.